रंग उडालेलं पिस्तूल

होल्स्टरात, म्हणजे कमरेच्या म्यानात, वागवलेलं पिस्तूल ठरावीक जागीच उघडं पडतं. आधी स्लाइडच्या, म्हणजे वरच्या सरकत्या पोलादी भागाच्या, पुढच्या दोन धारा पांढुरक्या होतात. मग नळीच्या तोंडाची कड, समोरच्या माशीच्या (नेम धरायच्या खुणेच्या) दोन्ही बाजू, चापाभोवतीच्या कडीचा खालचा बाक. रिव्हॉल्व्हर असेल तर नळीचं टोक आणि सिलिंडरच्या पुढच्या कडा. सिलिंडरच्या पोटाभोवती जी गोल रेघ उमटते तिचा होल्स्टरशी काही संबंध नसतो. सिलिंडर फिरताना आतली खिट्टी ती रेघ ओढत असते. पण तीही लोक मला होल्स्टरची झीज म्हणून दाखवतात आणि दाखवताना चेहरा फार दुःखी करतात.

मला दाखवतात, कारण ह्यूस्टनमध्ये माझी भाकरी लेपांवर चालते. तेलविहिरीत खाली जाणाऱ्या अवजारांवर कोणता थर द्यायचा, किती मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) द्यायचा, विहीर खोदताना आत सोडतात त्या खाऱ्या चिखलात तो किती तग धरेल, हे ठरवायचं माझं काम. त्याआधी पुण्यात मेटलर्जी शिकलो आणि भोसरी एमआयडीसीत प्लेटिंग आणि हीट ट्रीटमेंटच्या शॉपमध्ये उमेदवारी केली. बंदुकांचा शौक म्हणावा तसा मला नाही. घरात एक पिस्तूल आहे. ते अधूनमधून रेंजवर जातं आणि परत येऊन तिजोरीत बसतं. ते घरात असणं बायकोला अजून पटलेलं नाही, आणि तिच्याशी वाद घालावा इतका भक्कम मुद्दा माझ्याकडेही नाही. पण टेक्सासमध्ये २०२१च्या सप्टेंबरपासून २१ वर्षांवरच्या, कायद्यानं अपात्र न ठरलेल्या माणसाला हँडगन बाळगायला परवाना लागत नाही. आजूबाजूच्या बऱ्याच लोकांच्या कमरेला काही ना काही असतं. मग जेवणाच्या सुट्टीत कुणीतरी फोन पुढे करतो, त्यावर पिस्तुलाचा फोटो असतो, आणि प्रश्न एकच: न उडणारं फिनिश कोणतं?

परवा हा प्रश्न विचारणारा सांगलीचा होता. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असताना हा नाद जवळपास बंदच असतो, शिकारीच्या परवान्यासारखे काही अपवाद सोडले तर. त्यामुळे ग्रीन कार्ड हातात पडल्यावर लोक जी पहिली खरेदी करतात त्यात कधीकधी पिस्तूलही असतं. यानंही घेतलं होतं. “अजून वरीस झालं न्हाई दादा, आन् काळा रंग निघाला की हो. मला डुप्लिकेट माल दिला काय?”

माल अस्सल होता. रंगच तेवढा निघाला होता, आणि पिस्तुलाचं रक्षण तो रंग करतच नव्हता. लोकांना हे पटवणं अवघड जातं, कारण डोळ्याला दिसतो तो रंगच.

त्याच्या स्लाइडवर नायट्राइडिंग होतं. हँडगनच्या जगात ही गोष्ट ग्लॉकमुळे घरोघरी पोचली. १९८२ साली ऑस्ट्रियाच्या सैन्यानं गास्टन ग्लॉक यांचं पिस्तूल स्वीकारलं, आणि जगभर बोलबाला झाला तो त्याच्या प्लास्टिकच्या सांगाड्याचा. विमानतळावर ते पकडता येत नाही, अशा खोट्या वावड्याही उठल्या; स्लाइड आणि नळी चांगल्या जाडजूड पोलादाच्या असताना. मला विचाराल तर त्या पिस्तुलातली खरी मोठी गोष्ट त्या पोलादाच्या पृष्ठभागात होती. स्लाइड सुमारे ५८० अंश सेल्सिअसच्या वितळलेल्या सायनेट क्षारांत बुडवायची. क्षारांतला नायट्रोजन आणि थोडा कार्बन पोलादात शिरतो. वरचे १०-२० मायक्रॉन लोह-नायट्राइडचे होतात आणि त्याखाली नायट्रोजन मुरलेला आणखी जाड पट्टा तयार होतो. हा थर वरून चढवलेला नाही, मूळ धातूचंच रूपांतर आहे, त्यामुळे सोलून निघायचा प्रश्न येत नाही. त्या काळच्या ग्लॉकवरचा काळा रंग हा या थरावर वेगळा दिलेला हात होता. तो होल्स्टरात घासून जायचा, खाली करडं पोलाद दिसायचं आणि मालकाला वाटायचं, आता हे गंजणार. गंजायचं नाही. संरक्षण त्या करड्या भागातच होतं.

भोसरीत आम्ही हेच काम करायचो, फक्त जॉब वेगळे असायचे. क्रँकशाफ्ट, गिअर, कसल्या कसल्या पिना. त्याला तिकडे सगळे टफ्ट्रायडिंग म्हणतात. टेनिफर, मेलोनाइट, क्यूपीक्यू ही सगळी त्याच घराण्यातली नावं, व्यापारी पाट्या तेवढ्या निरनिराळ्या. पुण्याच्या रस्त्यावरून धावणाऱ्या ट्रकच्या इंजिनात आणि टेक्सासमधल्या माणसाच्या कमरेला एकच प्रक्रिया असावी, याची मला सुरुवातीला फार गंमत वाटली. पुढे लक्षात आलं की यात गमतीचं काही नाही. दोन्हीकडे घासाघीस आहे, दोन्हीकडे पोलाद आहे. पिस्तुलासाठी वेगळं विज्ञान कोण कशाला काढेल?

आता घासतं कोण, ते पाहू. होल्स्टर घासतं असं सगळे म्हणतात, पण चामडं किंवा कायडेक्ससारखं प्लास्टिक पोलादाहून कितीतरी मऊ असतं. घासणारा खरा गडी धूळ आहे. धुळीत क्वार्ट्झ असतो. व्हिकर्सच्या मापात त्याची कठिणता ११००च्या आसपास भरते. पिस्तुलाचं साधं कडक केलेलं पोलाद याच मापात ३०० ते ४५० भरतं. म्हणजे वाळूचा एक कण होल्स्टर आणि स्लाइड यांच्या मध्ये सापडला, की तो पोलादाला ओरबाडणारच. त्यावरच्या मायक्रॉनभर काळ्या थराची गोष्ट तर सोडाच. नायट्राइडचा थर पोलादाच्या जातीप्रमाणे ७००-८००, कधी त्याहून वर जातो. तो वाळूपुढे पुरता जिंकत नाही, पण झीज इतकी मंद करतो की माणूस आधी पिस्तूल बदलतो. डीएलसी, म्हणजे हिऱ्यासारख्या कार्बनचा थर, दीड हजारांपासून तीन हजारांपर्यंत जातो. तिथे वाळूचं काही चालत नाही.

चामडं धूळ आपल्या अंगात रुतवून घेतं आणि तिथेच धरून ठेवतं. कायडेक्स धूळ रुतवून घेत नाही, पण त्याचा साचा पिस्तुलावर इतका घट्ट बसवलेला असतो की मध्ये आलेल्या कणाला पळायला जागा उरत नाही. म्हणून कायडेक्सची झीज ठळक, रेघेरेघेची असते आणि चामड्याची पसरट, धूसर. रेघ बघून होल्स्टर ओळखता येतं. वेस्ट टेक्सासमध्ये, मिडलंडच्या बाजूला काम करणाऱ्यांची पिस्तुलं मी पाहिली आहेत. तिकडच्या वाळूनं कायडेक्सवाल्या स्लाइडचे अक्षरशः पट्टे केलेले असतात. त्यातल्या एकालाही मी नवं फिनिश सुचवलं नाही. होल्स्टर धुवायला सांगितलं.

माझ्या मामांचं हत्यार मात्र मला लहानपणापासून आठवतं. पोलिसात पिस्तूल-रिव्हॉल्व्हर म्हणत नाहीत, हत्यार म्हणतात. मामा फौजदार होते आणि बरीच वर्षं रत्नागिरी जिल्ह्यात काढली. त्यांच्या कमरेचं पॉइंट थर्टी एट रिव्हॉल्व्हर सरकारी, त्यांच्याआधी कुणाकुणाच्या कमरेला राहून आलेलं. मूळचा निळा-काळा झाक फक्त खोबणीत उरला होता, बाकी सगळं तपकिरी-करडं. कोकणातला खारा वारा, चार महिन्यांचा पाऊस आणि चामड्याचं होल्स्टर. याहून वाईट त्रिकूट लोखंडासाठी शोधूनही सापडणार नाही. कमावलेल्या चामड्यात टॅनिन असतं, क्षार असतात, आणि ओल ते सोडत नाही. पट्ट्याच्या घरांत अडकवलेल्या काडतुसांचं पितळ तर कळकून हिरवं व्हायचं. मामी एकदा त्यांना म्हणाल्या होत्या की एवढी काळजी घरातल्या तांब्या-पितळेची कधी घेतली नाहीत. कारण घरी आल्यावर मामांचं पहिलं काम ठरलेलं असायचं: गोळ्या काढून ठेवायच्या, हत्यार होल्स्टरातून बाहेर काढायचं, तेलाच्या फडक्यानं पुसायचं आणि ते परत त्या चामड्यात न घालता फडक्यातच गुंडाळून कपाटात कुलूपबंद करायचं. त्यांना मॅग्नेटाइट हा शब्द माहीत नव्हता. पण झाक गेलेल्या त्या रिव्हॉल्व्हरवर गंजाचा एक ठिपका मी कधी पाहिला नाही.

ब्लूइंग, म्हणजे पोलादावरची ती निळी-काळी झाक, हा मुळात गंजच असतो, फक्त शहाणा केलेला. लोखंडाचा लाल गंज भुसभुशीत असतो आणि खात खात खाली जातो. मॅग्नेटाइट हा त्याचा काळा भाऊ. घट्ट बसतो आणि बसल्या जागी राहतो. जुन्या पद्धतीत पोलादाला आम्लाचं पातळ द्रावण लावून ते दमट कपाटात ठेवायचे, बारीक लाल गंज येऊ द्यायचे, मग उकळत्या पाण्यात घालून तो काळा करायचे, मऊ तारेच्या ब्रशनं सुटलेला भाग झाडायचे, आणि हे पुन्हा पुन्हा. दिवसच्या दिवस जायचे. नंतर कॉस्टिक सोडा आणि नायट्रेटच्या १४० अंशांच्या आसपास उकळणाऱ्या बाथमध्ये तेच काम अर्ध्या तासात होऊ लागलं. भोसरीत आम्ही त्याला ब्लॅकोडायझिंग म्हणायचो. नट-बोल्टांच्या टोपल्याच्या टोपल्या त्यातून निघायच्या. दुनळी बंदुकांना मात्र अजून जुनीच पद्धत लागते, कारण दोन नळ्यांमधली पट्टी मऊ डाखानं जोडलेली असते आणि कॉस्टिकचा बाथ तो डाख खातो.

हा थर असतो जेमतेम एक मायक्रॉनच्या घरातला. लिंबाच्या रसानंही उतरतो. घामात लॅक्टिक आम्ल असतं आणि मीठ असतं, आणि काही माणसांचा घाम तर असा की त्यांनी हात लावलेल्या पोलादावर सकाळपर्यंत बोटांचे ठसे गंजून वर येतात. कारखान्यात अशा माणसाला तयार जॉबला हात लावू देत नाहीत, आणि तो बिचारा त्याला स्वतःचा अपमान समजतो. तेव्हा ब्लूइंग स्वतःच्या बळावर फार काही अडवत नाही. ते तेल धरून ठेवतं आणि तेल अडवतं. १९५५ साली आलेल्या कोल्ट पायथनचा तो खोल, विहिरीच्या पाण्यासारखा निळा ज्यांनी पाहिलाय त्यांना हे ऐकायला आवडत नाही. पण ती खोलीही रसायनातली नाही, त्याआधीच्या पॉलिशमधली आहे. आरशासारखं पॉलिश केलेल्या पोलादावर तोच मायक्रॉनभर थर निळा दिसतो आणि ब्लास्ट केलेल्या, म्हणजे वाळूचा मारा करून खरबरीत केलेल्या, पोलादावर मळकट काळा. रोज कमरेला लावायच्या पिस्तुलासाठी मी ब्लूइंग सुचवत नाही. बघायला मात्र त्याच्यापुढे दुसरं काही सुचत नाही.

आमच्या शेजारच्या म्हाताऱ्याकडे वडिलांनी महायुद्धातून आणलेलं १९११ए१ पिस्तूल आहे, रेमिंग्टन रँडनं बनवलेलं. टाइपरायटर करणाऱ्या कंपनीनं युद्धात लाखांनी पिस्तुलं केली. शिवणयंत्रवाल्या सिंगरनंही केली होती, पण ५००च, आणि आज संग्राहक त्यांच्यासाठी वेडे होतात. या पिस्तुलांवर पार्करायझिंग असायचं, म्हणजे फॉस्फेटचा थर. १९१५च्या सुमाराला डेट्रॉइटमध्ये त्याचा धंदा सुरू झाला म्हणून हे नाव. करडा, खरबरीत, अजिबात देखणा नाही, पण सच्छिद्र असल्यामुळे तेल पिऊन बसतो. म्हाताऱ्याला ते “नव्यासारखं” करून घ्यायचं होतं. मी हात जोडले. नव्यासारखं करायचं म्हणजे आधी ब्लास्टिंग किंवा बफिंग आलं. त्यात ठोकलेली अक्षरं बोथट होतात, कडा गोल होतात आणि संग्राहकाच्या लेखी त्या पिस्तुलाची किंमत धाडकन खाली येते. अनुक्रमांक पुसट झाला तर कायद्याचं लचांड वेगळंच. त्याच्या धारांवर जे पोलाद उघडं पडलंय ते त्याच्या बापाच्या होल्स्टरानं उघडं पाडलंय. ते झाकायला पैसे कशाला द्यायचे? म्हाताऱ्याला पटलं की नाही कळलं नाही, पण पिस्तूल अजून तसंच आहे.

हार्डक्रोमवर, म्हणजे विजेनं चढवलेल्या क्रोमियमच्या कठीण थरावर, मी इतक्या हलकेपणानं बोलू शकत नाही. नेमबाजीच्या स्पर्धांत उतरणाऱ्यांचं ते जुनं आवडतं फिनिश. मंद रुपेरी, व्हिकर्सच्या मापात ८५० ते १०००पर्यंत कठीण, हाताला गुळगुळीत, आणि होल्स्टरात हजारदा घातलं-काढलं तरी तसंच. रंगच नाही, त्यामुळे रंग उडायचा प्रश्न नाही. कागदावर हे उत्तम उत्तर आहे. पण हार्डक्रोमच्या थरात जन्मतःच केसाहून बारीक भेगांचं जाळं असतं. विहिरीत चिखलाच्या दाबावर फिरणाऱ्या मोटरच्या रोटरवर आम्ही वर्षानुवर्षं हार्डक्रोम देत आलो. चिखलात मीठ जास्त असेल तर क्लोराइड त्या भेगांतून खाली उतरतं, खालचं पोलाद खातं आणि वरचा क्रोम खपल्यांनी निघतो. म्हणून खारट विहिरींसाठी टंगस्टन कार्बाइडचा फवारा आला. घाम म्हणजे तरी काय, क्लोराइडच. ह्यूस्टनच्या ऑगस्टमध्ये पँटच्या आत, कातडीला लागून पिस्तूल वागवणाऱ्या माणसाला मी हार्डक्रोम सुचवणार नाही. रेंजवर नेणाऱ्यानं खुशाल घ्यावं. प्लेटिंगनंतर ते १९० अंशांच्या आसपास काही तास भट्टीत ठेवलं का, एवढं मात्र विचारावं. प्लेटिंगच्या वेळी हायड्रोजन पोलादात घुसतो आणि कडक भाग ठिसूळ करतो; भट्टीत तो बाहेर काढावा लागतो. चांगला प्लेटर या प्रश्नावर खूश होतो. वाईट प्लेटर चिडतो.

दुसरी गोष्ट माझ्या नाकाशी निगडित आहे, म्हणजे माझ्या नाही, पण माझ्यासमोरच्यांच्या. हार्डक्रोमच्या टाकीत क्रोमिक आम्ल असतं. करंट सुरू झाला की हायड्रोजनचे बुडबुडे वर येऊन फुटतात आणि आम्लाचं धुकं उडतं. उमेदवारीच्या काळात एका शॉपमध्ये टाकीवरचा जुना ऑपरेटर शिंकरायचा तेव्हा रुमालावर रक्त यायचं. त्याच्या नाकाच्या पडद्याला भोक पडलं होतं, आणि तो ते इतक्या सहजपणे सांगायचा की मला आधी वाटलं चेष्टा करतोय. नंतर पुस्तकात वाचलं, क्रोम प्लेटिंगच्या कामगारांचा हा नेहमीचा रोग आहे. सहासंयुजी क्रोमियम कॅन्सरही करतं. टाकीला धुरांडं होतं. पंखा बंद होता. युरोपात आता हे काम परवानगीशिवाय करता येत नाही, आणि कॅलिफोर्नियानं २०२३मध्ये ठरवलंय की २०३९पर्यंत हार्डक्रोमही बंद. अमेरिकेतल्या चांगल्या शॉपमध्ये धुराची, सांडपाण्याची व्यवस्था चोख असते, हे मी रोज बघतो. तरीसुद्धा कुणी “टिकाऊ फिनिश” म्हटलं की टिकायचं कोणी आणि झिजायचं कोणी, हा विचार माझ्या मनातून जात नाही. नायट्राइडचा क्षारबाथही काही तुळशीचं पाणी नाही, पण त्याचा गाळ आणि धूर आवरणं त्यामानानं सोपं जातं. माझं मत नायट्राइडकडे झुकतं त्याला हेही एक कारण आहे. ते शास्त्रीय आहे असा माझा दावा नाही.

स्टेनलेसवाले म्हणतात, फिनिशच नको. १९६५ साली स्मिथ अँड वेसननं मॉडेल ६० आणलं, पाच गोळ्यांचं छोटं स्टेनलेस रिव्हॉल्व्हर, आणि घामाळ पोलिसांनी ते डोक्यावर घेतलं. ओरखडा आला की हिरव्या घासणीनं हळूच एकाच दिशेनं घासायचं, की गेला. मला ही सोय फार आवडते. पण स्टेनलेस म्हणजे गंजमुक्त, हा समज स्वयंपाकघरातून आलाय. ताटवाटीच्या स्टीलमध्ये निकेल असतं, आणि ते कडक होत नाही. पिस्तुलाला कडक होणारं स्टेनलेस लागतं, ४१०-४१६च्या जातीचं, क्रोमियम १२-१३ टक्के, निकेल जवळपास नाहीच. त्यातल्या ४१६मध्ये तर मशिनिंग सोपं जावं म्हणून मुद्दाम गंधक घातलेलं असतं. गंधकाचे मँगनीज सल्फाइडचे बारीक दाणे होतात आणि क्लोराइड नेमकं तिथूनच पोखरायला सुरुवात करतं. स्टेनलेस स्लाइडवर टाचणीच्या टोकाएवढे काळे खड्डे दिसतात ते हेच. गंमत अशी की अशा स्टेनलेसला नायट्राइड केलं तर ते कठीण होतं, पण त्यातलं क्रोमियम नायट्रोजनशी जोडी जमवतं आणि गंज अडवायला मोकळं उरत नाही. वरच्या ऑक्साइडनं काही भरपाई होते, पण सगळी नाही. कठीणपणा आणि गंजरोधकता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे विक्रेते कधी सांगत नाहीत, कारण त्यांना दोन्ही एकाच वाक्यात विकायच्या असतात.

डीएलसी आणि इतर पीव्हीडी (निर्वातात वाफेतून बसवलेल्या) थरांचंही तसंच. निर्वात पेटीत २-४ मायक्रॉनचा थर बसतो, वाळूला हरवतो, माप बिघडवत नाही. पण खालचं पोलाद मऊ असेल तर गरम भातावर पापड ठेवून बोटानं दाबावं तशी त्याची गत होते. म्हणून शहाणे लोक आधी नायट्राइड करतात आणि मग त्यावर डीएलसी. शिवाय इतक्या पातळ थरात सूक्ष्म छिद्रं असतातच. समुद्रकाठच्या माणसानं केवळ डीएलसीच्या भरवशावर राहू नये. गॅल्व्हेस्टनला बोटीवर मासेमारीला जाणारा एकजण मला विचारायला आला तेव्हा मी त्याला जास्त फॉस्फरसचं इलेक्ट्रोलेस निकेल सांगितलं. विजेशिवाय बसणारा, कानाकोपऱ्यात सारखा चढणारा थर, ज्यात १० टक्क्यांहून जास्त फॉस्फरस असला की स्फटिकांच्या सीमाच उरत नाहीत आणि मीठ शिरायला वाट मिळत नाही. फार कठीण नाही, पण त्याचा शत्रू वाळू नव्हता, पाणी होतं. चकचकीत जुन्या निकेलशी याची गल्लत करू नये. ते मऊ असतं, आणि खाली तांब्याचा हात दिलेला असेल तर अमोनियावालं क्लीनर कडेनं आत शिरून ते पोपडे काढतं.

सेराकोटबद्दल लोक सगळ्यात जास्त विचारतात, कारण ते शंभर रंगांत मिळतं. पॉलिमरमध्ये सिरॅमिकचे कण, स्प्रे गननं मारायचं, ओव्हनमध्ये पकवायचं, जाडी सुमारे २५ मायक्रॉन. गंज उत्तम अडवतं. होल्स्टरात कडांवरून जातं. रंग आहे तो, जाणारच. जाहिरातीत खाऱ्या धुक्याच्या चाचणीचे तास लिहिलेले असतात, त्यावर फार भाळू नये. एएसटीएम बी-११७च्या त्या पेटीत ५ टक्के मिठाचं धुकं ३५ अंशांवर फिरत असतं आणि नमुना आत निवांत पडलेला असतो. त्याला कुणी घासत नाही, कुणी चामड्यात कोंबत नाही. मी माझ्या धंद्यात ही चाचणी रोज मागतो आणि रोज तिच्यावर अर्धाच विश्वास ठेवतो.

भारतात हा सगळा प्रश्न वेगळ्या वाटेनं जातो. १९५९चा शस्त्र कायदा दुरुस्तीलाही परवाना मागतो. तेव्हा परवानाधारक दुकानदार देईल ते फिनिश आणि आपलं तेलाचं फडकं, एवढ्यावरच भागवावं लागतं. इथे अमेरिकेतही पिस्तूल फिनिशिंगसाठी ठेवून घेणाऱ्या शॉपला केंद्र सरकारचं लायसन्स लागतं, पण पर्याय इतके की माणूस गोंधळून जातो.

सांगलीकराला मी विचारलं, कुठे वागवतोस? कमरेला, पँटच्या आत. घाम? “लई.” धूळ? ऑफिस आणि घर. मग म्हटलं, स्लाइडवर जे आहे तेच तुला हवंय. गेलेला काळा रंग जाऊ दे. होल्स्टर महिन्यातून एकदा साबणानं धू आणि पूर्ण वाळव. घरी आलास की पिस्तूल रिकामं कर, बाहेर काढ, पूस, कुलपात ठेव. स्क्रू, पिना आणि माशी नीट बघत जा. तिथे स्लाइडवरचं फिनिश नसतं आणि गंज पहिला तिथूनच शिरतो. हे ऐकून तो जरा हिरमुसला. पैसे खर्च करायची तयारी करून आलेल्या माणसाला फुकटचा सल्ला पचत नाही.

“बरं, तेल कंचं लावू, दादा?” त्यानं विचारलं.

तेलावरून इथे भाऊबंदकी होते. कुणी सिंथेटिक म्हणतो, कुणी ग्रीस, कुणी गाडीचं इंजिन ऑइल, आणि प्रत्येकाकडे आपापला पुरावा असतो. मी त्याला दुकानात मिळणाऱ्या दोन-तीन बाटल्यांची नावं सांगून मोकळा झालो. माझ्या पिस्तुलाला मी बायकोच्या शिलाई मशीनचं तेल लावतो, हे तिला माहीत नाही आणि ऑफिसात कुणाला सांगायची माझी छाती नाही.